पाण्यातला ण

सन्माननीय अध्यक्ष आणि शाळा कमिटीचे चेअरमन सोपानराव पाटील, व्यासपीठावर बसलेले लोणावळ्याचे आणि तळेगावचे पाहुणे, ज्यांच्या गळ्यात आपण आत्ताच निरोपाचा हार घातला ते आपले राजमहंमद मास्तर, कमिटीची मंडळी, आणि समोर दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या बायांनो, बाबांनो, पोरासोरांनो,

इथपर्यंत माझ्या नातीनं लिहून दिलं होतं. पुढंही दोन पानं आहेत. 'आजचा दिवस आनंदाचा तसाच दुःखाचा' असं काहीतरी आहे त्यात. ते मी घडी घालून कमरेला खोवते. मला मास्तरांनी शिकवलं ते बाराखडीपर्यंत. त्यापुढं दुकानांच्या पाट्या आणि आगगाडीचे डबे वाचत मी म्हातारी झाले. लिहिलेलं वाचत बसले तर तुमचा चहा गार होईल. आणि चहा गुळाचा आहे. लढाई संपली म्हणतात, पण साखर काही आली नाही. गुळाचा चहा गार झाला की औषधासारखा लागतो.

मागं ऐकू येतंय ना? कस्तुराबाई, तुला? बरं.

पाहुण्यांना मी माहीत नसेन. मी औंढ्याच्या वाटेवर, या शाळेपाशीच, पानाची टोपली घेऊन बसणारी तांबोळीण. सगळी वाडी मला मावशी म्हणते. माझी मुलगी जाहिदा याच शाळेत शिकली. आणि जाहिदाची मुलगी उम्मेहानी पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात जाऊन मास्तरीण होऊन आली. घरात आम्ही तिला हानी म्हणतो. ती बघा, खिडकीपाशी, निळ्या लुगड्यात. डोळ्यांनी मला 'आजी, आवर' म्हणतेय. अगं, आत्ता तर उभी राहिले!

ती पास झाल्याचं कळलं त्या दिवशी मी अख्ख्या बाजाराला फुकट विडे वाटले. आनंदात हात सैल सुटला आणि चुना जास्त पडला. या आपल्या दत्तोबा दुकानदाराची जीभ भाजली. दत्तोबा कमिटीत आहेत, वर बसलेत. त्याच जिभेनं त्यांनी पुढं काय केलं ते सांगणारच आहे मी, त्यांनी जागा सोडू नये.

आता बोलायचं ते बोलते. माझ्याआधी चार जण बोलले. चांगलं बोलले. कुणी मास्तरांना दिवा म्हटलं, कुणी सागर म्हटलं, एकानं चंदन म्हटलं. ऐकायला गोड वाटलं. पण एक जण म्हणाले, "मास्तरांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांना जवळ केलं आणि या कार्यात त्यांना समाजाचं सदैव सहकार्य लाभलं." टाळ्याही पडल्या.

कुठलं सहकार्य? कुणाचं? आणि ते लाभत होतं तेव्हा मी कुठं गेले होते? मी तर या शाळेच्या जोत्याखाली टोपली घेऊन बसलेली असायची. सहकार्य आलं असतं तर माझ्यासमोरूनच आत गेलं असतं की!

मास्तर हात हलवतायत. मास्तर, आजवर तुम्ही 'मावशी, जाऊ द्या' म्हणालात आणि मी जाऊ दिलं. आज न्हाई जाऊ देणार.

ऐका. पहिली लढाई सुरू झाली त्या सालची गोष्ट. मास्तर लोहगडवाडीकडच्या मुलाण्याच्या घरातले, नवीन लागले होते. धोतर नेसायचे आणि डोक्यावर लाल तुर्की टोपी. अजून तेच आहे, बघा. माझी जाहिदा दुसरीत होती. आणि तपासणीला दिपोटी साहेब आले. तेव्हा दिपोटी यायचे म्हणजे काय थाट! बैलगाडीत गादी, शाळेला शेणसारवण, दारावर आंब्याचा डहाळा. कुठले, कोण, ते सांगत नाही. माणूस गेला, त्याच्या नातवंडांना कशाला खाली मान घालायला लावू?

साहेबांनी जाहिदाला उभं केलं. "वाच." पोरीनं वाचलं. धड्यात पाणी होतं, ती म्हणाली 'पानी'.

आपल्याकडं काय म्हणतात हो? खरं सांगा. तुमच्यातल्या किती जणांच्या घरी माठात 'पाणी' असतं? पानीच असतं. लोनी असतं, कोन आलंय विचारतात, आणि 'मी न्हाई म्हनत' म्हणून भांडतात. पोर जे घरात ऐकणार तेच शाळेत बोलणार.

साहेबांनी पुस्तक मिटलं. "नाव काय?"

"जाहिदा."

"वाटलंच. मास्तर, हा यावनी उच्चार. या मुलांची जीभ मराठीची नव्हे. यांना उर्दू शाळेत पाठवा."

त्याच्या मागोमाग महिपती पाटलांचा सोपान उभा राहिला. होय, हाच, हे अध्यक्ष. तोच धडा, तीच ओळ. यानंही 'पानी'च म्हटलं. साहेब हसले. म्हणाले, "पाटलाचा का? बोली जरा खेडवळ आहे. घासून घ्या, सुधारेल."

म्हणजे बघा. पानी एकच. याच्या तोंडातलं खेडवळ, ते घासायचं. हिच्या तोंडातलं परक्याचं, ते बाहेर ओतायचं.

तांबोळी, मुलाणी, पिंजारी, सगळ्यांच्या पोरांची नावं त्या दिवशी शाळेतून कमी केली. मी टोपली टाकून साहेबांच्या गाडीमागं पळाले. म्हटलं, "साहेब, उर्दू शाळा कुटं हाय?" म्हणाले, पुण्याला. म्हटलं, "आठ वर्षांची पोर पुन्याला कशी जाईल? आनि आमच्या घरात उर्दू कुनालाच येत न्हाई. आमी भांडतो मराठीत, रडतो मराठीत, पान इकतो मराठीत."

त्यावर ते काय म्हणाले ठाऊक आहे? "बाई, तुमची भाषा कोणती ते तुम्हालाच माहीत नाही."

मला माहीत नाही! माझ्या तोंडात काय आहे ते मला माहीत नाही, आणि गादीवर बसून आलेल्या माणसाला माहीत आहे! इतकी वर्षं झाली, अजून कात कालवताना ते आठवलं की माझा हात जोरात फिरतो.

मास्तरांनी त्या दिवशी हजेरीपटातल्या त्या नावांवर रेघा ओढल्या. मला त्यांचाही राग आला होता. पण दुसऱ्या दिवशी बघते तर त्यांनी फळा भिंतीवरून काढून खिडकीपाशी आणलेला. आत बसलेल्यांनाही दिसेल आणि बाहेर करंजाच्या झाडाखाली बसलेल्यांनाही. नावं कमी केलेली पोरं बाहेर पाट्या घेऊन बसली. शाळेत नाहीत, आणि शाळेतच आहेत. काही मंडळींनी येऊन विचारलं, "मास्तर, हे काय?" मास्तर म्हणाले, "मी आतल्यांना शिकवतो. आवाज बाहेर जातो, त्याला मी काय करू?"

हे ते सहकार्य. दोघांनी येऊन खिडकी लावून घ्यायला सांगितली होती. नावं घेऊ? नाही घेत. मास्तर पुन्हा हात हलवतायत.

आणि आमच्या लोकांचं सांगायचं राहिलं तर मी लबाड ठरेन. लोणावळ्याच्या बाजारात मकसूद शेठ होते, लाकडाचे व्यापारी. त्यांनी भर रस्त्यात मास्तरांना अडवलं. "मास्तर, आपल्या पोरांना तुम्ही मराठी करून टाकताय!"

मास्तर म्हणाले, "शेठ, करून काय टाकायचं? ती आहेतच. मी फक्त वाचायला शिकवतोय."

"आणि उर्दू?"

"ज्याला हवी त्याला मी संध्याकाळी शिकवीन. पण उर्दूच्या नावाखाली पोराला शाळेबाहेर काढणार असाल, तर त्यात उर्दूचीसुद्धा बेअब्रू आहे."

शेठ तणतणत वखारीत गेले. चार दिवसांनी त्यांनीच वखारीमागची खोली दिली. पुढं लांबच्या वाड्यांवरची मुलं इंग्रजी शाळेसाठी लोणावळ्यात त्याच खोलीत राहिली. पिंजाऱ्यांची होती, मुलाण्यांची होती, एक कातकऱ्याचाही होता. भात मास्तर शिजवायचे, करपलेला. ती मुलं आज रेल्वेत, पोस्टात आहेत. भेटली की आधी भाताचं नाव काढतात.

आणि पुण्याच्या खेपा! मुसलमान मुलांसाठी शिष्यवृत्ती होती, पण ती उर्दू शाळेत असाल तर. मराठी शाळेतल्या मुसलमान पोरानं काय घोडं मारलं होतं? मास्तर ते विचारायला जायचे. एका कचेरीत धोतराकडं बघून म्हणायचे, तुम्ही खरे मुसलमान नाही. दुसऱ्या कचेरीत टोपीकडं बघून म्हणायचे, तुम्ही खरे मराठी नाही. एकदा मी म्हटलं, "मास्तर, तुमी धोतर तरी बदला, न्हाईतर टोपी तरी." हसले. म्हणाले, "मावशी, मग माझ्यातलं कोण जाणार पुण्याला?" ती शिष्यवृत्ती त्यांनी मिळवलीच शेवटी. किती जोडे झिजले ते त्यांचा मोची सांगेल.

कुठं होते मी? हां, दिपोटी.

पुढच्या साली तेच साहेब परत आले. बाहेर करंजाखाली पोरं बसलेली बघून लालबुंद झाले. गाव जमलं होतं. महिपती आबा पुढं खुर्चीवर. मी टोपली आणि पाण्याचा तांब्या घेऊन जोत्याखाली. मास्तर हात जोडून म्हणाले, "साहेब, आपण उच्चारावरून मूल ओळखता. मला ती विद्या शिकायची आहे. आपण भिंतीकडं तोंड करून बसा. मी एकेक मूल बोलायला लावतो. जे मराठीचं नाही ते आपण सांगा, मी याच पावली त्याला पुण्याला पोचवून येतो."

साहेबांना वाटलं मास्तर शरण आला. बसले की भिंतीवरच्या नकाशाकडं तोंड करून!

मास्तरांनी मुलांना काही शिकवून ठेवलं नव्हतं हो. मी शपथेवर सांगते. पण माझी जाहिदा! एका ण पायी हाकललेली पोर, ती वर्षभर दुसरं काही बोललीच नव्हती. चुलीला सांगायची पाणी, शेळीला सांगायची पाणी, झोपेतसुद्धा पाणी. मला वाटायचं पोरीला ताप आहे, उठून तांब्या द्यायची. तिनं त्या दिवशी म्हटलं, "विहिरीवर पाणी आणायला गेले होते." घंटा वाजवावी तसा ण!

साहेब भिंतीकडं बघूनच म्हणाले, "वा! भटजींची मुलगी दिसते."

मग याची पाळी. सोपाना, हसू नकोस, त्या दिवशी तू हसला नव्हतास. यानं छाती पुढं काढून म्हटलं, "इहिरीवर पानी आनाया गेलतो!"

साहेब ताडकन उठले. "हाच! याला म्हणतात यावनी उच्चार. हा मुलगा मुसलमान, मी कुठंही सांगेन!" आणि मागं वळून बघतात तर कपाळाला गंध, डोक्यावर जरीची टोपी, महिपती पाटलांचा एकुलता एक सोपान!

हसा, हसा. आज हसायला काही हरकत नाही. त्या दिवशी कुणी हसलं नाही. सोपानानं भोकाड पसरलं. मास्तरांच्या धोतराला मिठी मारून ओरडायला लागला, "मला पुन्याला नका धाडू! मला उर्दू येत न्हाई!"

आबा उठले. "सायेब, कुनाच्या पोराला काय म्हनताय?"

मास्तर म्हणाले, "आबा, साहेबांची चूक नाही. त्यांनी फक्त 'पानी' ऐकलं. गेल्या साली जाहिदाचंही तेवढंच ऐकलं होतं."

आबांनी पागोटं काढलं, मांडीवर ठेवलं, परत घातलं. मग म्हणाले, "मास्तर, त्या पोरांस्नी आत घ्या. न्हाईतर माजं पोर बी भाईर बसवा."

एक माणूस, एक वाक्य. सहकार्य म्हणायचं तर ते एवढंच. पण असल्या एका वाक्यावर शाळा उभी राहते.

इकडं सोपानाला रडून उचकी लागलेली, थांबेचना. पाणी होतं फक्त माझ्या तांब्यात. पाटलाच्या घरी तेव्हा आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं. मी तांब्या पुढं केला आणि मागं घेतला. आबा म्हणाले, "दे की गं बाई, पोर गुदमरतंय." मी त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. घटाघटा प्यायला, आणि म्हणाला, "आनिक."

सोपाना, आठवतं? मान हलवतोय.

जाहिदा मग सातवीची फायनल पास झाली. मास्तरणीच्या जागेसाठी मास्तर तिला घेऊन दोन-तीन गावांच्या कमिट्यांपुढं गेले. सगळीकडं एकच. "मुलगी हुशार आहे, पण..." त्या 'पण'मधला ण काय खणखणीत असतो हो! त्याला कधी कुणी खेडवळ म्हणत नाही. जाहिदाचं लग्न झालं, ती तळेगावला गेली, पोळपाटावर पीठ पसरून आपल्या मुलीला अक्षरं काढायला शिकवत बसली. ती मुलगी म्हणजे हानी.

आता गेल्या आठवड्याचं. मास्तरांची जागा रिकामी होणार. हानीचा अर्ज आहे. ट्रेनिंग झालंय, वरच्या साहेबांची ना नाही. फक्त गावच्या कमिटीचा होकार हवा. कमिटीनं हानीला बोलावलं आणि उंबऱ्याशी उभं करून काय विचारलं? "म्हण बरं, लोणावळा."

लोणावळा! एकवीस वर्षांच्या ट्रेनिंग झालेल्या बाईला! तिनं म्हटलं. "परत म्हण." परत म्हटलं. अहो, आमचं आडनाव तांबोळी, आमचा तालुका मावळ, ळ आम्ही दुधाबरोबर प्यालोय. आणि स्टेशनावर गोरा गार्ड जन्मभर 'लोनावला, लोनावला' ओरडला, तेव्हा त्याला कुणी गाडीतून उतरवून दिलं का?

तिचं काहीच चुकेना. मग दत्तोबा म्हणाले, "समदं बरं हाय, पन नावातच हानी हाय, शाळंचं कसं व्हायचं?" आणि कमिटी हसली.

दत्तोबा, उम्मेहानी हे आमच्यात फार आदराचं नाव आहे. तुम्हाला त्यातला न खटकत असेल तर ण घालून बघा. हाणी. मग मात्र गाल चोळत माझ्याकडं येऊ नका.

आणि सोपाना, तू चेअरमन. सगळे म्हणतात, तू हसला नाहीस. पण तू म्हणालास, "बघू." ज्या पोराला एका शब्दापायी पुण्याला धाडत होते, त्यानं माझ्या नातीला शब्द म्हणायला लावलेला बघितला, आणि म्हणाला, बघू! मला रात्री भाकरी गेली नाही. मास्तरांना तुम्ही शाल द्याल, नारळ द्याल. त्यांनी आयुष्यभर जी खिडकी उघडी ठेवली ती त्यांच्याच निरोपाच्या दिवशी लावून घ्याल, आणि वरून त्यांना चंदन म्हणाल?

घसा कोरडा पडला. द्या रे कुणीतरी पाणी.

अहो अध्यक्ष, तुम्ही कशाला उठता? पोरं आहेत की. बस ना सोपाना... बरं, आण.

काय म्हणालास? परत म्हण. कस्तुराबाईला मागं ऐकू गेलं नाही.

"घ्या मावशी, पानी."

ऐकलंत? कमिटीचे चेअरमन पानी म्हणाले! दत्तोबा, आता यांना कुठल्या शाळेत धाडायचं?

थांबा. पिते आधी.

गोड आहे. याच विहिरीचं आहे ना? त्या दिवशीचं पण हिचंच होतं.

तुझे डोळे का भरले रे? मी काही मारलं का तुला? जा, बस खुर्चीवर.

झालं माझं. मास्तर, तुमचे आभार कसे मानायचे ते त्या दोन पानांत लिहिलंय. घरी आल्यावर हानी वाचून दाखवील, मी विडा लावते, चुना बेतानं. पाहुण्यांनो, माझ्या बडबडीत कुणाला काही टोचलं असेल तर पोटात घाला. एखादा ण घसरला असेल तर तोही घाला, जड नसतो. जमलेल्या सगळ्यांनी एवढा वेळ ऐकून घेतलं, तुमचं भलं होवो.

माझ्यानंतर अध्यक्षांचं भाषण आहे. सोपाना, मी खाली बसते, पण घरी जात नाही. हानी समोर बसलीय, मास्तर शेजारी आहेत. 'बघू' एवढं सोडून काहीही बोल.